सौर पंप घ्यावा की सौर प्रकल्पाला जमीन भाड्याने द्यावी? मोहने परिसरातील शेतकऱ्यांसाठी हिशोब

मोहने, आंबिवली आणि कल्याण तालुक्यातील उल्हास-काळू काठच्या गावांत खरिपाचे भात पावसावर येते. पंपाची खरी गरज नोव्हेंबर ते मे या काळात, भाजीपाल्यासाठी लागते. याच महिन्यांत ऊन स्वच्छ असते, म्हणून या भागात सौर सिंचन सोयीचे ठरते. राज्यातील बरीच वीज आजही कोळशावर तयार होते. ती कमी करण्यासाठी शासन शेतीच्या सौरऊर्जेवर पैसा लावत आहे. त्यातील कोणती योजना आपल्याला लागू होते, हे आपल्याकडे वीजजोडणी आहे की नाही यावर ठरते.

१. वीजजोडणी नसेल तर

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते. केंद्राचा वाटा ३० टक्के असून उरलेला भार राज्य शासन उचलते. विहीर, बोअर, नदी-नाला किंवा शेततळे असा खात्रीचा जलस्रोत हवा.

- २.५ एकरांपर्यंत : ३ एचपी
- २.५१ ते ५ एकर : ५ एचपी
- ५ एकरांपेक्षा जास्त : ७.५ एचपी

पंपाला ५ वर्षांची दुरुस्तीची हमी व विमा असतो. वीजबिल येत नाही, मात्र पंप दिवसाच चालतो.

२. वीजजोडणी असेल तर

७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळात मोफत वीज आहे. ही सवलत ५ वर्षांची आहे, कायमची नाही. त्यामुळे ठिबक आणि योग्य क्षमतेचा पंप यांवरचा खर्च पुढे ढकलू नये.

३. पडीक किंवा कमी उत्पन्नाची जमीन असेल तर

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये उपकेंद्राजवळची जमीन प्रकल्पासाठी भाड्याने देता येते. भाडे हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार रुपये आहे. दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते, म्हणजे दुसऱ्या वर्षी एकरी सुमारे ५१,५०० रुपये. येथे तयार झालेल्या विजेवर गावातील कृषी वाहिनी दिवसा चालते.

मात्र प्रकल्पाचा वीजखरेदी करार २५ वर्षांचा असतो, म्हणजे जमीनही दीर्घकाळ अडकते. खडकाळ वरकस जमिनीला हे भाडे परवडते. नदीकाठच्या भाजीपाल्याच्या जमिनीत मात्र आधी खर्च वजा जाता एकरी निव्वळ उत्पन्न काढा, मगच तुलना करा. शहराला लागून असलेल्या गटांवर विकास आराखड्यात काही आरक्षण आहे का, हेही महापालिकेत पाहून घ्या.

स्वतः छोटा प्रकल्प उभारायचा असल्यास पीएम-कुसुमच्या ‘अ’ घटकात ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटची सोय आहे. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षांपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत मिळते.

सही करण्यापूर्वी

- सातबाऱ्यावर सर्व हिस्सेदारांची नावे व संमती तपासा.
- भाडे कोण देणार, कोणत्या तारखेला देणार आणि मुदत संपल्यावर सांगाडे कोण काढणार, हे करारात लिहून घ्या.
- पंपाचा अर्ज व पैसे महावितरणच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरा. मध्यस्थाच्या हाती रोख रक्कम देऊ नका.