बेकनची वाट : चार पिल्लांची परीक्षा

बोरिवलीच्या बेकन कारखान्याची हकिगत आज सांगणार होतो, ती पुढे ढकलतो. मागचा लेख वाचून साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलंय, "डेन्मार्कमधला होर्सन्सचा बेकन कारखाना शेतकऱ्यांनी सहकारातून काढला, हे कळलं. मग डॅनिश सरकारनं डुकरामागे अनुदान किती दिलं?" या प्रश्नाचं उत्तर बाजूला ठेवून बोरिवलीकडे गेलो, तर बोरिवलीही नीट कळणार नाही.

माझं मत असं, की डेन्मार्कमध्ये सरकारच्या ज्या मदतीनं खरा फरक पडला, ती डुकरामागे मोजायच्या पैशांची नव्हती. 1864 च्या युद्धात डेन्मार्कचा दक्षिणेचा मुलूख गेल्यावर पश्चिम किनाऱ्यावर, इंग्लंडच्या दिशेनं तोंड असलेलं एस्बियर्ग बंदर बांधायचा कायदा 1868 मध्ये झाला. जर्मनीनं 1887 साली डॅनिश डुकरांना दार बंद केलं, तेव्हा हे बंदर तयार होतं. बंदराबद्दल एवढंच, कारण मला सांगायचंय ते चाचणीकेंद्रांबद्दल.

इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला विल्टशायर पद्धतीचं बेकन हवं असे : डोकं आणि पाय काढलेली, मिठाच्या पाण्यात मुरवलेली अख्खी अर्धी बाजू. तिच्यात पाठीवरची चरबी पातळ हवी आणि शरीर लांब हवं, म्हणजे मधल्या भागाचे काप जास्त निघतात. पण पैदाशीच्या नराची चरबी किती, हे त्याला कापल्याशिवाय त्या काळी कळत नसे आणि कापला की पैदास संपली!

यावर 1907 पासून डॅनिश मंडळींनी काढलेला तोडगा मला आजही थक्क करतो. नराला हात लावायचा नाही, त्याची पिल्लं तपासायची. सरकारमान्य पैदास केंद्रातल्या मादीच्या एका वेतातली चार पिल्लं, दोन माद्या आणि दोन खच्ची केलेले नर, चाचणीकेंद्रावर पाठवायची. तिथे सगळ्यांना ठरलेला एकच खुराक. साधारण 90 किलो वजन भरलं की कत्तल. मग शरीराची लांबी, पाठीवरच्या चरबीची जाडी आणि पोटाकडचा भाग मोजायचा. एक किलो वजन वाढायला किती खुराक लागला, याचा हिशोब वेगळा. केंद्रं सहकारी कारखान्यांची, देखरेख मात्र सरकारी प्रयोगशाळेची. त्यामुळे आकड्यावर कुणाचा संशय नसे. या कामामागे सरकारी पशुतज्ज्ञ पी. ए. मोर्केबर्ग यांचा मोठा हात होता.

निकाल छापून येत. ज्याच्या वेताचे आकडे चांगले, त्याच्या नराला मागणी. ज्याचे वाईट, त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. नुसत्या डौलावर डुक्कर विकायचे दिवस संपले. अमेरिकेतल्या आयोवाचे जे लश हे पशुपैदाशीतले मोठे अभ्यासक. डेन्मार्कला जाऊन त्यांनी ही पद्धत आणि तिचे आकडे अभ्यासले आणि 1936 साली त्यावर सविस्तर लिहिलं.

अशा निवडीतून घडलेल्या लँडरेस या डॅनिश वाणाचं मोल डेन्मार्कला पुरेपूर ठाऊक होतं. त्याची पैदाशीची जनावरं डॅनिश मंडळी देशाबाहेर जाऊ देत नसत. 1934 मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्याला थोडी डुकरं मिळाली, तीही शुद्ध जात बाजारात आणायची नाही या अटीवर. तिथल्या शास्त्रज्ञांनी मग टॅमवर्थ जातीशी संकर करून मिनेसोटा नंबर एक ही नवी जात तयार केली.

तेव्हा साताऱ्याच्या वाचकांना माझं उत्तर असं : सरकारनं तिथे मापं घेणारी विश्वासाची माणसं उभी केली, आणि पैशापेक्षा ती मदत मोलाची ठरली. आपल्याकडच्या योजनांकडे पाहताना मी हाच प्रश्न विचारत असतो, की इथे डुकराचं माप कोण घेतं आणि ते शेतकऱ्यापर्यंत परत पोचतं का?

डेन्मार्कची एक गोष्ट अजून राहिली. 1930 नंतर ब्रिटननं बेकनच्या आयातीवर मर्यादा घातली, तेव्हा माणसांपेक्षा डुकरं जास्त असलेल्या डेन्मार्कमध्ये प्रत्येक डुकरामागे कार्ड लागू झालं. कार्ड असेल तर पूर्ण भाव, नसेल तर पडेल तो. पुढच्या आठवड्यात आधी ही कार्डं, मग बोरिवली.