पाठीमागचें चित्र

घरांत मंगलकार्य निघालें कीं पूर्वीं मांडव, आचारी व भटजी या तिहींची चिंता यजमानास असे. हल्लीं तींत चौथी एक भर पडली आहे. उत्सवमूर्ति ज्या खुर्च्यांवर बसावयाच्या, त्यांच्या पाठीमागें काय लावावें? एके काळीं तेथें केळीचे खांब व एखादी जरीकांठी शाल पुरत असे. आतां कुटुंबांतील जुन्या छायाचित्रांचें एक मोठें एकत्र चित्र करून तें फ्लेक्सवर छापून लावण्याची चाल पडली आहे. अशा चित्रास कोलाज म्हणतात. आमच्या वडील बंधूंच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या समारंभासाठीं असें चित्र करण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्ही जन्मभर खडू-फळ्याचे सोबती. शालान्त परीक्षेपलीकडे शिक्षण गेलें नाहीं, संस्कृत तेवढें पाठशाळेंत झालें. तरीहि दादांच्या नातीच्या शिकवणीनें तीन आठवड्यांत हें काम आम्हांस साधलें. तें कसें करावें, आणि त्यांत आमच्या हातून कोणती चूक झाली, हीं दोन्हीं वाचकांस सांगावीं एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कोलाज हा शब्द 'चिकटविणें' या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून झाला आहे. १९१२ सालीं पिकासो व ब्राक या दोघां चित्रकारांनीं आपल्या चित्रांत कागदाचे तुकडे चिकटवून या प्रकारास प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु अनेक छायाचित्रांचें एक चित्र करण्याची हौस त्याहूनहि जुनी आहे. इंग्लंडांत ऑस्कर रेलँडर नांवाच्या छायाचित्रकारानें १८५७ सालीं सुमारें तीस निगेटिव्हा जोडून एक भव्य चित्र सिद्ध केलें. तें मँचेस्टरच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें, आणि राणी व्हिक्टोरियानें त्याची एक प्रत विकत घेतली. आपल्याकडील बायकांस तर ही कला कोणीं शिकवावी लागली नाहीं. जीर्ण लुगड्यांचे नाना रंगांचे तुकडे एकाच दोऱ्यानें धांवदोरा घालून बसविले कीं गोधडी झाली. रेलँडरास एकेक निगेटिव्ह स्वतंत्रपणें छापावी लागली. आम्हांस मात्र संगणक मिळाला. आम्हीं वापरलेलें जिम्प हें सॉफ्टवेअर १९९५ सालीं बर्कली येथील दोघां विद्यार्थ्यांनीं करावयास घेतलें होतें. तें कोणासहि विनामूल्य मिळतें, आणि पेन्शनरास हा गुण लहान नव्हे.

आतां कृतीकडे वळूं. प्रथम माप ठरवावें. आमचा फ्लेक्स दहा फूट रुंद व आठ फूट उंच होता. संगणकावरील चित्र पिक्सेल नांवाच्या ठिपक्यांचें बनलेलें असतें, आणि लांबून पाहावयाच्या एवढ्या मोठ्या छपाईस दर इंचास पन्नास ठिपके पुरे होतात. दहा फूट म्हणजे १२० इंच, अर्थात् ६,००० ठिपके. आठ फूट म्हणजे ९६ इंच, अर्थात् ४,८००. कोरें पान याच मापाचें घ्यावें. लहान पानावर चित्र करून मागाहून ताणणें म्हणजे पंगत वाढली म्हणून ताकांत पाणी ओतणें होय. छायाचित्रें स्कॅन करतांना इंचास ६०० ठिपके घ्यावे. म्हणजे चार इंच रुंद व सहा इंच उंच छायाचित्राचे २,४०० गुणिले ३,६०० ठिपके मिळतात. नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर जीं छायाचित्रें धाडतात, तीं वाटेंतच आकसतात. तीं डॉक्युमेंट म्हणून पाठविण्यास त्यांस आवर्जून सांगावें.

दुसरी गोष्ट थरांची. एकावर एक काचा ठेवाव्या व प्रत्येक काचेवर एकेक छायाचित्र असावें, अशी कल्पना करा. त्या काचांस संगणकाच्या भाषेंत लेयर म्हणतात. प्रत्येक थर हवा तसा सरकवितां येतो व हवा तितका विरळ करतां येतो. आमच्याकडे १९५३ चें काळें-पांढरें छायाचित्र होतें, लग्नकार्यांतील लालसर पडलेलीं रंगीत छायाचित्रें होतीं, आणि मोबाइलवर काढलेलीं अगदीं भडक अशींहि होतीं. तीं जवळ जवळ ठेवतांच आठवड्याच्या बाजाराचा गलका दिसूं लागला. तेव्हां सर्वांचा रंग काढून घेतला, वरून एक फिकट तपकिरी थर पसरला आणि छायाचित्रें निम्म्याहून अधिक विरळ केलीं. गोधडीचा धांवदोरा तो हाच. पार्श्व म्हणजे कूस, शरीराची बाजू; पार्श्वभूमीनें बाजूस राहावें, पुढें येऊं नये, हा या कामांतील मुख्य नियम होय.

तिसरी गोष्ट मांडणीची. माणसें खुर्च्यांवर बसलीं कीं फ्लेक्सचा खालचा चार फुटांचा भाग झांकला जातो. तेथें कोणाहि पूर्वजाचा चेहरा ठेवूं नये. वर नांवें यावयाचीं, म्हणून तो पट्टा मोकळा सोडावा. उरलेल्या भागांत चेहरे शक्य तों दोहों बाजूंस ठेवावे.

चौथी गोष्ट कडांची. दोन छायाचित्रें एकमेकांत विरघळावीं असें वाटत असेल, तर त्यांच्या कडा पुसट कराव्या लागतात. आम्हीं सरळ रबराचें साधन उचललें. तोंच नात म्हणाली, "आजोबा, पुसूं नका, झांका. पुसलेलें पुढें परत येत नाहीं. झांकलेलें केव्हांहि उघडतां येतें." झांकण्याच्या या साधनास मास्क म्हणतात. त्यावर काळा कुंचला फिरविला कीं खालचा भाग दिसेनासा होतो, पांढरा फिरविला कीं पुन्हां दिसूं लागतो, आणि करडा फिरविल्यास अर्धवट दिसतो. मूळ छायाचित्रास धक्का लागत नाहीं. हें वाक्य तेव्हां आम्हांस केवळ यंत्रविद्येंतील वाटलें.

आतां चुकीविषयीं. आमच्या संग्रहांतील सर्वांत जुनें छायाचित्र दादांच्या मुंजीचें आहे. ओसरीच्या पायऱ्यांवर वडील व आई बसलेलीं, मध्यें दंड धरलेला आठ वर्षांचा बटु, मागें काकामंडळी. अगदीं उजव्या कडेस माजघराचें दार आहे, आणि त्याच्या चौकटीआडून अर्धा चेहरा व आलवणाचा पदर दिसतो. ती आमची आत्या. चौदाव्या वर्षीं विधवा झाली, केशवपन झालें, आणि माहेरीं परत आली. आई गेली तेव्हां आम्ही दोन वर्षांचे होतों. आम्हां दोघां भावांस तिनेंच वाढविलें. पहांटे जात्यावर बसतांना ती आम्हांस मांडीवर घेई. शाळेंत जावयाच्या आधीं मुळाक्षरें तिनेंच राखेंत बोट धरून गिरवून घेतलीं. १९७६ सालीं ती वारली. तिची दुसरी छबी आमच्या घराण्यांत नाहीं.

त्या छायाचित्राची उजवी कड डागाळली होती, आणि दाराचा काळोख शेजारच्या छायाचित्रावर येत होता. आम्हीं त्या कडेवर काळा कुंचला फिरविला. अपशकुनाची भावना मनांत नव्हती. केवळ चित्र सुबक दिसावें, एवढ्यासाठीं आम्हीं तें केलें. ती तेथें आहे हें त्या क्षणीं ध्यानांतहि आलें नाहीं, आणि हेंच आम्हांस अधिक लाजिरवाणें वाटतें.

चित्र पुरें झाल्यावर लॅपटॉप दादांच्या पुढें ठेवला. त्यांस आतां अंधुक दिसतें. पडद्याजवळ तोंड नेऊन ते एकेकाचें नांव घेऊं लागले. मुंजीच्या छायाचित्रापाशीं थांबले व म्हणाले, "आत्या कुठें आहे?"

आम्हीं सांगितलें, "कड खराब होती, म्हणून झांकली."

दादा बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "त्या दिवशींहि तिला आंतच राहा म्हणून सांगितलें होतें रे. ती दाराआडून पाहत होती. मला दिसत होती."

आम्हीं मास्क उघडला व पांढरा कुंचला घेतला. आधीं चौकट आली, मग पदर, मग कपाळ, आणि शेवटीं एक डोळा. रबर वापरलें असतें व तीच प्रत साठविली असती, तर त्या प्रतींतून ती कायमची गेली असती.

नातीनें मग एक युक्ति सुचविली. आत्येस कापून घेऊन पायऱ्यांवर आईशेजारीं बसवितां येईल. आजचीं कांहीं साधनें तर न दिसणारा अर्धा चेहराहि कल्पनेनें भरून देतात. पोरीचा हेतु चांगला होता. आमचेंहि मन क्षणभर तिकडे ओढलें. परंतु दादांनीं मान हलविली. "नको. ती तिथें बसली नव्हती. तिला कोणीं बसूं दिलें नव्हतें. तें तसेंच दिसूं दे." तेव्हां आम्हीं तिला दारांतच राहूं दिलें. फक्त तें छायाचित्र इतरांहून थोडें कमी विरळ केलें, आणि दाराची बाजू दादांच्या खुर्चीच्या उजवीकडे, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या किंचित् वर येईल अशी सरकविली.

शेवटचें काम साठविण्याचें. सर्व थर कायम राहावे म्हणून चित्र प्रथम जिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ या प्रकारांत साठवावें, आणि छापखान्यासाठीं त्याची निराळी प्रत काढावी. जेपेग प्रकारांत तेंच चित्र पुनःपुन्हां साठविल्यास दर वेळीं थोडा तपशील नाहींसा होतो. मूळ स्कॅन वेगळे ठेवावे व त्यांस हात लावूं नये.

समारंभाच्या दिवशीं औक्षण चालू असतां एका लहान मुलानें बोट दाखवून विचारलें, "ती दारांत कोण उभी आहे?" दादांनीं त्यास जवळ बोलावून घेतलें आणि सांगावयास आरंभ केला. गुरुजी तबक घेऊन थोडा वेळ थांबले.

वाचकांपैकीं कोणास असें चित्र करावयाचें असेल, तर वरील मापें व कृति उपयोगी पडतील. त्यांत आमची एक सूचना जोडावी. छायाचित्राची कड कापण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वयोवृद्ध माणसास जवळ बसवावें आणि कडेस कोण उभें आहे तें विचारावें. त्यानें सांगितलेलें नांव मूळ छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें लिहून ठेवावें. तें माणूस आहे तोंवर विचारावें.