ढिगालाही इरलं हवं

लावणीला जाताना आपण डोक्यावर इरलं घेतो, हल्ली प्लॅस्टिकचा कागद घेतो. पण घरामागच्या उकिरड्यावर कधी काही घातलंय का? आषाढात त्याच्याखालून काळं पाणी ओढ्याला जातं, ते बघितलं असेल. ती नुसती घाण नाही. पाटी पाटी शेण टाकून वर्षभर जमवलेलं आपलं खत ते. पोलादपुरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पावसात उघडा उकिरडा धुऊन निघतो आणि मागे चोथा उरतो.

मी स्वतः आधी खड्डा खणला होता. जून संपेपर्यंत त्यात पाणी भरलं, अळ्या झाल्या, आणि सासूबाईंनी आठवडाभर ऐकवलं. पाणी भरलं की हवा जात नाही, आणि हवा नसली की कचरा कुजण्याऐवजी सडतो. म्हणून आपल्याकडे खड्डा नको, जमिनीच्या वर ढीग हवा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी हवेचंच महत्त्व ओळखलं. त्यांचं टाकं १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांचं, भिंतींना भोकं ठेवलेलं. थरांमध्ये माती घालून त्यात सुमारे १०० किलो शेणावर दीड टनाच्या आसपास काडीकचरा कुजतो. आता गोठ्यात एखाददुसरंच जनावर उरलेल्या घरांनी हा आकडा लक्षात ठेवावा. विटा परवडत नसतील तर ढिगावरही भागतं.

उंचवट्यावर, सावलीत जागा निवडा. खाली जाड काटक्या पसरा. वर वीतभर पातेरा, गवत, पेंढ्याचा चुरा; मग चार बोटं ओला पाला, भाजीची देठं, साली; त्यावर शेणकाला शिंपडा आणि दोन मुठी माती टाका. असेच थर रचत जा. ढीग लांबी, रुंदी, उंचीला तीन-तीन फूट तरी हवा, लहान ढीग तापत नाही. आतलं मूठभर घट्ट पिळा: एकदोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर कोरडा पातेरा घाला. आठवड्याने मध्ये लोखंडी गज खुपसून ठेवा, थोड्या वेळाने काढा. हाताला चटका बसला तर काम सुरू आहे. पंधरा-वीस दिवसांनी ढीग खालीवर करा. मासळीचे काटे मात्र खोल पुरा, नाहीतर कुत्री उकरतात. गुटख्याच्या पुड्या नि प्लॅस्टिक नकोच.

आता राबाचं. कवळ तोडायची, डोक्यावरून आणायची, पातेरा-शेण पसरून भाजायचं, हे बहुतेक आपल्याच मानेवर येतं. जुनी माणसं वेडी नव्हती: भाजल्याने तणाचं बी मरतं, राख मिळते. पण पाल्यातलं नत्र बरंचसं धुरासोबत जातं. नीट तापलेल्या ढिगातही तणाचं बरंच बी मरतं, आणि नत्र बरंचसं राहतं. पहिल्याच वर्षी सगळा राब सोडा असं मी म्हणणार नाही. एक वाफा न भाजता, कुजलेलं खत घालून करून बघा. त्यात तण थोडं जास्त येईल, ते काढावं लागेल.

वेळ महत्त्वाची. भात झोडून झालं की, डिसेंबर-जानेवारीत ढीग रचा. तेव्हा पेंढ्याचा चुरा, सुकलेलं गवत हाताशी असतं आणि विहिरीला पाणी असतं. एप्रिलमध्ये हंड्या-हंड्याने पाणी आणून ढिगाला कोण घालणार? तीन-चार महिन्यांत ढीग निम्मा बसतो, खत काळं, भुसभुशीत होतं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. मृगाआधी उचला. उरलं तर त्यावर ताडपत्री किंवा पेंढ्याचं छप्पर घाला, भोवती चर काढा.

मे महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या ढिगातलं मूठभर खत पुडीत बांधून आणा. वास घेऊन कुणाचं झालंय, कुणाचं राहिलंय, ते तिथेच ठरवू.