गाडा पुन्हा उभा करताना

वडापाव, पोहे किंवा भुर्जीची हातगाडी चालवणाऱ्याचे सारे भांडवल शेगडी, सिलिंडर, कढई आणि गल्ल्यातली रोकड एवढ्यात सामावलेले असते. संध्याकाळच्या विक्रीतूनच दुसऱ्या दिवशीचे बटाटे, तेल, बेसन आणि पाव येतात. रात्री गाड्याचे कुलूप तोडून सिलिंडर आणि गल्ला गेला, तर झालेल्या कमाईबरोबर उद्याचा मालही जातो. गाडा चार दिवस बंद राहिला की गिऱ्हाईक शेजारी वळते, भिजवलेले-चिरलेले टाकून द्यावे लागते आणि चढ्या व्याजाने पैसे देणारा दारात येतो. परवाना नसलेल्या अशा सावकारीला महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने बंदी आहे, पण अडलेल्याला त्याचाच आधार वाटतो. म्हणून अशा वेळी मदत किती मोठी यापेक्षा ती किती लवकर पोचते याला महत्त्व आहे.

पहिले काम पोलिस ठाण्यातले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम 303 आहे. चोरीस गेलेल्या मालाची किंमत 5 हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर हा गुन्हा अदखलपात्र धरला जातो. पोलिस नोंद घेतात, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. मोठ्या दुकानदाराला ही रक्कम किरकोळ वाटेल. शेंगदाणे किंवा उकडलेली कणसे विकणाऱ्याचा मात्र तेवढ्यात अख्खा धंदा असतो, आणि कायद्याची ही रेषा नेमकी सर्वांत लहान विक्रेत्याला नडते. त्यामुळे रोकड, सिलिंडर, रेग्युलेटर, बर्नर, पातेली असे जे जे गेले त्याची खऱ्या किमतीसह पूर्ण यादी फिर्यादीत यायला हवी. घाबरलेला माणूस निम्म्या वस्तू सांगायला विसरतो. शेजारचा लिहिता-वाचता माणूस सोबत गेला, तर ही मोठीच मदत ठरते. माल ठेवण्याच्या इमारतीतून चोरी झाली असेल, तर कलम 305 लागू होते आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. प्राथमिक माहिती अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. सिलिंडर गेला असेल तर गॅस एजन्सीकडे जाताना ती जवळ असावी.

चोर सापडला, मुद्देमाल मिळाला, तरी तो न्यायालयाच्या आदेशानेच परत मिळतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 नुसार न्यायालयाने 14 दिवसांत मालाचे वर्णन नोंदवून छायाचित्रे घ्यायची आणि त्यानंतर 30 दिवसांत त्याबाबत आदेश द्यायचा असतो. एवढे दिवस शेगडीविना गाडा चालत नाही. घरफोडीचा विमा बहुधा कुलूप किंवा दार फोडल्याच्या खुणा असल्या तरच भरपाई देतो, आणि हातगाडीवाल्यांपैकी फार थोड्यांकडे तो असतो.

भांडवलासाठी पीएम स्वनिधी योजनेचा मार्ग आहे. जून 2020 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पथविक्रेत्याला तारणाशिवाय कर्ज मिळते. 2025 च्या फेररचनेनंतर पहिला हप्ता 15 हजार, दुसरा 25 हजार आणि तिसरा 50 हजार रुपयांपर्यंत आहे. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात 7 टक्के अनुदान मिळते. मात्र अर्ज मंजूर होईपर्यंतचे दिवस वस्तीलाच सांभाळून घ्यावे लागतात.

लोकांनी मनावर घेतले की काय होते, हे मे 2020 मध्ये दिल्लीच्या जगतपुरी भागात दिसले. टाळेबंदीत एका फळविक्रेत्याचे सुमारे 30 हजार रुपयांचे आंबे जमावाने भर रस्त्यात लुटले. चित्रफीत पसरली आणि देशभरातून त्याच्या खात्यात 8 लाखांहून अधिक रुपये जमा झाले. असे भाग्य क्वचित कुणाला लाभते, आणि प्रत्येक चोरीची चित्रफीत निघत नाही. रोजच्या आयुष्यात उपयोगी पडतो तो पाववाल्याने आठवडाभर उधार दिलेला माल, भिशीत पुढे करून दिलेला नंबर, दुसऱ्या गाडेवाल्याची जादा शेगडी. वर्गणी काढायची तर ती थेट विक्रेत्याच्या खात्यात जावी. मधल्या माणसाच्या खात्यातून फिरलेल्या पैशांवरून पुढे वाद होतात.

गिऱ्हाइकांच्या हातात आणखी एक गोष्ट असते. अशा बहुतेक गाड्यांवर कुणाची ना कुणाची उधारी थकलेली असते. चोरीची बातमी कळताच ती त्याच दिवशी चुकती करावी.