धोतरावर रेडिमेड कोट? आधी कात्री

लग्नसराईत नगरच्या कापड बाजारातून घेतलेला रेडिमेड कोट पँटच्या हिशेबाने बेतलेला असतो. धोतरावर चढवला की पुढून निऱ्यांचा घोळ आणि मागून काष्टा त्याला ढकलतो, खालचं बटण ताणतं. स्कॉटलंडच्या किल्टचीही हीच अडचण. किल्ट बेंबीपाशी बांधतात, पुढे स्पोरन नावाची चामड्याची थैली असते. म्हणून तिकडे साधा कोट आखूड करून पुढची टोकं गोल कापून घेतात. तीच युक्ती इथेही चालते.

उंची दीड-दोन इंचच कमी करावी. जास्त कापली तर खिसे थेट काठावर येतात आणि कोटाची बंडी होते. बाही आखूड करायची असेल आणि तिची काजं खरी कापलेली असतील तर ती मुंढ्यातून उसवावी लागते. काम वेळखाऊ, म्हणून महाग. कंबर सैल करायची तर शिवणीत माया आहे का, ते घेतानाच अस्तरावरून चाचपून पाहा. रेडिमेडवाले मायेत हात आखडता घेतात! खांदा मात्र दुकानातच नीट बसला पाहिजे, तो नंतर दुरुस्त करणं परवडत नाही. आणि शिंप्याकडे मापाला जाताना धोतर नेसूनच जा.