रद्द न झालेली आज्ञा

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राज्य कोणतेंही असो, कारभाऱ्यास दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात : आज्ञा वेळेवर पोहोंचली पाहिजे, आणि काम होतांच ती रद्दही झाली पाहिजे. शरीरांतील पेशींचा कारभारही असाच चालतो. ह्यांपैकीं दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष कमी जातें. म्हणून आज आम्ही तीच वाचकांपुढें ठेवीत आहों.

पेशीच्या आवरणावर 'ग्राहक' नांवाचीं प्रथिनें असतात. बाहेरून वाढीचा निरोप आला कीं तीं तो आंत पोहोंचवितात. काम झालें कीं ग्राहकावर युबिक्विटिन ह्या ७६ अमिनो आम्लांच्या चिमुकल्या प्रथिनाची मुद्रा उमटते, आणि तो पेशींत ओढला जाऊन मोडला जातो. पेशींतील इतर अनेक प्रथिनांवर अशाच मुद्रांची माळ चढते, व प्रोटिएसोम नांवाचें नळकांड्यासारखें यंत्र त्यांचे तुकडे करतें. ह्या मुद्रेच्या शोधाबद्दल सिचॅनोव्हर, हर्शको व रोझ ह्यांस २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां मेंदूकडे वळूं. ग्लायोब्लास्टोमा हें प्रौढांच्या मेंदूंतील अत्यंत उग्र अर्बुद होय. पुष्कळ रोग्यांत 'ईजीएफआर' हा ग्राहक तेथें वाजवीपेक्षां फार अधिक असतो. कांहींत त्याचें असें विकृत रूप आढळतें कीं, निरोप नसतांही तो वाढीची आज्ञा देत राहतो, आणि मुद्रा उमटविणारें प्रथिन त्यास नीट गांठूं शकत नाहीं. आज्ञा रद्द होत नाहीं. गांठ वाढत जाते.

उलट प्रकारही घडतो. 'पी-५३' हें प्रथिन पेशीचा पहारेकरी. 'एमडीएम-२' त्यावर मुद्रा मारून त्याचा नाश करवितें. तें फाजील झालें कीं पहाराच उठतो. गँकिरिन नांवाचें आणखी एक प्रथिन ह्या नाशास हातभार लावतें. त्याचा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रांत, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेंत, प्रसन्ना वेंकटरमण ह्यांच्या प्रयोगशाळेंत झाला आहे.

तेव्हां हें यंत्रच बंद पाडावें काय? मज्जेच्या एका कर्करोगावर असें करणारें बोर्टेझोमिब हें औषध २००३ सालीं अमेरिकेंत मान्य झालें व उपयोगी ठरलें. परंतु मेंदूंत पोहोंचणारें मारिझोमिब ग्लायोब्लास्टोमाच्या नव्या रोग्यांस नेहमींच्या उपचारांबरोबर देऊन पाहिलें असतां आयुष्य वाढलें नाहीं. एका ठिकाणीं मोडतोड कमी, दुसऱ्या ठिकाणीं अधिक. तेथें सरसकट कुलूप लावून कसें भागेल? म्हणूनच नेमक्या एका प्रथिनाची मोडतोड घडविणाऱ्या किंवा थांबविणाऱ्या औषधांचा शोध चालू आहे.

तोंवर शस्त्रक्रिया, किरणोपचार व टेमोझोलोमाइड हेच मुख्य आधार. २००५ सालच्या प्रसिद्ध चांचणींत ह्या औषधाच्या जोडीनें मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलें. लाभ अल्प, पण खरा.

आमच्या जिल्ह्यांतील गृहस्थांस एवढीच विनंती : प्रौढ माणसास प्रथमच फेफरें आलें, तर कांदा हुंगवून स्वस्थ बसूं नये. सकाळीं उलटीसह वाढत जाणारी डोकेदुखी, एका बाजूच्या हातापायांची दुर्बलता, अडखळणारी वाणी, हें सारें पित्तावर घालूं नये. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गांठ नव्हे, हें खरें. पण तें ठरविण्याचें काम वैद्याचें आहे. अकोला किंवा नागपूर दूर वाटलें, तरी दवडलेला महिना त्याहून दूर जातो.