दोन कामांपुरता रूट

नव्या सहकाऱ्याला दोनच कामांसाठी अधिकार हवा होता: एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रिस्टार्ट करणं आणि होस्ट्सची फाईल बदलणं. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड सांगून टाकला असता, तर मिनिटभरात काम उरकलं असतं. सिस्टीम अ‍ॅडमिनने तसं केलं नाही, हे फार बरं केलं.

आधी तिने दुसरं टर्मिनल उघडलं, त्यात रूट म्हणून शिरली आणि ते तसंच चालू ठेवलं. नेमलेल्या कमांड रूटच्या अधिकारात चालवू देणारा प्रोग्राम म्हणजे सुडो. त्याच्या सुडोअर्स या नियमांच्या फाईलमध्ये चूक राहिली तर सुडोच अडून बसू शकतं. मग दुरुस्तीला हे टर्मिनल कामी येतं. फाईलही तिने व्हिसुडो या त्याच कामाच्या साधनानेच उघडली. एका ओळीत बरोबरचं चिन्ह राहून गेलं होतं. सेव्ह करताच व्हिसुडोने चुकीची ओळ दाखवली आणि विचारलं, आता काय? ‘ई’ दाबलं की पुन्हा एडिटर, ‘एक्स’ दाबलं की बदल सोडून बाहेर. कॅपिटल ‘क्यू’ने मात्र चूक तशीच सेव्ह होते. तिने ‘ई’ दाबलं.

होस्ट्ससाठी ‘सुडो व्हिम’ची, म्हणजे व्हिम हा एडिटर रूट म्हणून चालवण्याची, परवानगी देणं सोपं, पण खरी गोम तिथेच आहे. व्हिममधून शेल, म्हणजे हवी ती कमांड चालवायची जागा, उघडता येतं, आणि एडिटर रूटचा असेल तर शेलही रूटचं. म्हणून तिने सुडोएडिट दिलं. ते फाईलची तात्पुरती प्रत काढतं, एडिटर सहकाऱ्याच्याच अधिकारात चालतो आणि बदल शेवटी मूळ फाईलमध्ये लिहिले जातात.

एवढी काळजी कशासाठी, ते २०११ साली बम्बलबीच्या प्रकरणात दिसलं. लॅपटॉपमधल्या एनव्हिडिया कार्डसाठीचं हे मोफत सॉफ्टवेअर. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये, पुसायच्या फोल्डरच्या पत्त्यात ‘यूएसआर’नंतर एक स्पेस जास्त पडली. स्क्रिप्ट रूटच्या अधिकारात चालणारी. एका फोल्डरऐवजी अख्खं यूएसआर, म्हणजे बहुतेक सगळे प्रोग्राम जिथे असतात ती जागाच, पुसली गेली.

सुडो १९८० च्या सुमारास अमेरिकेत, बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिलं. त्यात पासवर्ड ज्याचा त्याचा राहतो, आणि कोणी, कुठल्या डिरेक्टरीतून, कुठली कमांड चालवली याची लॉगमध्ये नोंद होते.

सहकाऱ्याने ‘सुडो’पुढे ‘उणे एल’ टाईप केलं. परवानगीच्या कमांड दोनच दिसल्या. मग तिच्या सांगण्यावरून त्याने ‘सुडो रीबूट’ करून पाहिलं. नकार आला, आणि लॉगमध्ये त्याच्या नावाची ओळ उमटली. तेव्हा कुठे तिने ते दुसरं टर्मिनल बंद केलं.